वाढत्या मंडळीची दिशा ठरवताना: कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीच्या पहिल्याच बैठकीत पाळकसाहेब म्हणतात, "मंडळी वाढतेय, आता आपल्याला काहीतरी व्हिजन हवं." सगळे माना डोलावतात. कोणी नव्या हॉलचं काढतं, खजिनदार म्हणतात आधी पत्र्याची गळती बघा, आणि तेवढ्यात चहा येतो. तुम्ही नुकतेच निवडून आला असाल तर हे काम तुमच्याच गळ्यात पडणार असं धरून चाला. जुन्या सभासदांना अशा कामाचा अनुभव असतो, म्हणूनच ते गप्प बसतात.

पिंपरी-चिंचवडच्या एका मराठी मंडळीत मी हे काम दोनदा केलंय. पहिल्यांदा पार फसलं, दुसऱ्यांदा बऱ्यापैकी जमलं. खालचं सगळं त्या दोन खेपांतून आलेलं आहे, पहिल्या खेपेतून जरा जास्तच.

आमची मंडळी उभी राहिली ती कारखान्यांत नोकरीला आलेल्या कुटुंबांवर. नगर, श्रीरामपूर, जालना या बाजूची माणसं. निम्मी एकमेकांची सोयरीच. पन्नास घरं होती तोवर कोणी दिशाबिशा लिहून काढली नाही, तशी गरजही नव्हती. उपासना सुटल्यावर फाटकाशी दहा मिनिटं उभं राहिलं की कोण आजारी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी सुटली, सगळं कळायचं. घरं शंभराच्या पुढे गेल्यावर फाटकाशी तासभर उभे राहिलात तरी कळतं ते फक्त आपल्या ओळखीच्यांचं. बाकीचे गाड्या काढून निघून गेलेले असतात. मंडळी वाढली की पहिली तुटते ती ही फाटकावरची व्यवस्था. तिच्या जागी काय आणायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं.

पहिल्या खेपेला आम्ही तिघांनी एका शनिवारी संध्याकाळी बसून एक झकास वाक्य लिहिलं. रविवारी फ्लेक्स पुलपिटामागे, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठामागे, लागला. कोणी हरकत घेतली नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं तेव्हा तोच फ्लेक्स पावसात सिमेंटच्या गोण्यांवर झाकलेला दिसला. त्यावरचं वाक्य तोवर मलाही पाठ नव्हतं.

शब्दाचं एक आधी मिटवून टाकू. मराठी मंडळीत 'व्हिजन'ला तीन-चार शब्द वापरले जातात आणि प्रत्येकाची ओढ वेगळी. पवित्र शास्त्रातला दृष्टान्त म्हणजे देवाने दाखवलेलं दृश्य, प्रेषित पेत्राला यापोमध्ये घराच्या गच्चीवर झाला तसा. कीर्तन ऐकून मोठ्या झालेल्यांना दृष्टान्त म्हणजे मुद्दा पटवायला सांगितलेली गोष्ट वाटते, तिला आपण दाखला म्हणतो. शिवाय "देवानं मला दृष्टान्त दिलाय" असं कोणी म्हणालं की चर्चाच संपते, कारण देवाशी वाद कोण घालणार? म्हणून आम्ही साधा 'दिशा' हा शब्द घेतला. दिशेबद्दल विचारता येतं, कुठून आलो, कुठे निघालो, आणि चुकलोय का.

पहिलं काम: मोजदाद, तीही गाजावाजा न करता

पवित्र शास्त्रातला नहेम्या यरुशलेमेचा पडका तट पुन्हा बांधायला पोहोचला तेव्हा तीन दिवस कोणाला काही बोलला नाही. रात्री मोजकी माणसं बरोबर घेऊन पडक्या तटाला फेरी मारली, जिथे जनावराला पुढे जायला वाट नव्हती तिथून मागे फिरला, आणि मग लोकांना बोलावलं. भाषण नंतर, पाहणी आधी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

लागोपाठ चार साधे रविवार घ्या. नाताळ, ईस्टर, झावळ्यांचा रविवार नको. त्या दिवशी येणारी गर्दी खरी असली तरी रोजची नसते. दाराशी वही घेऊन एक माणूस बसवा. किती आले, त्यात मुलं किती, कुठून आले, कशाने आले. एवढंच. समोरच्या गल्लीतून चालत येणाऱ्या कुटुंबाला परवडणारी 'संध्याकाळी सातची प्रार्थना' चाकणहून दोन बस बदलून येणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही, हे त्या वहीतूनच पुढे कळतं.

मग तीन याद्या शेजारीशेजारी मांडा. रविवारी प्रत्यक्ष येणारे, रजिस्टरवर नाव असलेले, आणि हातात काही काम असलेले म्हणजे कमिटी, गायनमंडळ, संडे स्कूलचे शिक्षक, महिला मंडळाच्या पदाधिकारी, दान मोजणारे. या तिन्ही याद्या एकच असतील तर तुमची मंडळी वाढत नाहीये, तुम्हाला तसं नुसतं वाटतंय. आमच्याकडे रविवारच्या निम्म्या बाकांवर गेल्या आठेक वर्षांत आलेली माणसं होती आणि कमिटीवर त्यांच्यातला एक. तोही तरुण संघाचा प्रतिनिधी म्हणून, बैठकीत खुर्च्या लावायला.

इथे एक खास आपल्याकडची मेख आहे. गावाहून आलेली बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं शहरातल्या मंडळीत येतात, दान देतात, पण गावच्या मंडळीतून सभासदत्वाचं पत्र आणत नाहीत. विसरतात म्हणून नव्हे. गावात आईवडिलांच्या कबरी असतात, मुलीचं लग्न तिथेच लावायचं असतं, नाव काढलं तर नातं तुटल्यासारखं वाटतं. त्यामुळे ते मतदार यादीत नसतात, म्हणून निवडणुकीत नसतात, म्हणून कमिटीत नसतात. मग कमिटी म्हणते, "नवीन लोक जबाबदारीच घेत नाहीत."

मोजदादीचा दुसरा भाग खजिनदारांकडे. मागच्या तीन वर्षांचे हिशेब घ्या आणि खर्चाला साध्या भाषेत नावं द्या: इमारत, पाळकांचा पगार आणि घर, सण, मुलं, गरजू घरं, वरच्या संस्थेला जाणारा वाटा. कागदावर काहीही लिहिलेलं असो, मंडळी आज कुठल्या दिशेने चाललीय ते इथे दिसतं. आमच्याकडे नाताळच्या रोषणाई-मंडपावर वर्षाला जेवढा खर्च होत होता तेवढा अख्ख्या संडे स्कूलवर तीन वर्षांत झाला नव्हता. कोणी ठरवून केलं नव्हतं. होत गेलं.

ऐकायला जाणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई केलीत तर पुढचं सगळं पोकळ होतं.

आधी मुहूर्त. मे महिना लग्नांचा, माणसं गावी. नोव्हेंबरनंतर नाताळची तयारी, कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं. शाळा सुरू झाल्या की जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ उत्तम. पावसात माणसं घरी सापडतात आणि भजी तळायला कारण मिळतं.

जागा घरातली हवी. चर्चमध्ये बाकांवर बसवून "मोकळेपणाने बोला" म्हटलं की तेच तिघं बोलतात जे एरवी बोलतात. आठ-दहा माणसं, एक घर, दीड तास. घर नेहमी प्रार्थनासभेला उघडणारं नको. ज्यांच्याकडे मंडळी कधी गेलीच नाही अशा घरी विचारा. भाड्याच्या वन-आरकेत आम्ही बारा जण मांडी घालून बसलो होतो, ती बैठक सगळ्यात चांगली झाली.

पाळकसाहेबांनी या बैठकांना जाऊ नये. त्यांना वाईट वाटेल, पण आधीच समजावून सांगा. पाळकांसमोर माणसं पाळकांना आवडेल ते बोलतात आणि शेवटी प्रार्थना मागतात. जोडीने जा, एक जुना आणि एक नवा, आणि त्यात एक तरी बाई हवीच. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या सुनेशी तीच बोलू शकते, आणि त्या दाराशी जे ऐकायला मिळतं ते बाहेरच्या खोलीत मिळत नाही.

"मंडळीने काय करावं?" असं विचारू नका. उत्तरात यादी येते: एसी, जनरेटर, महाबळेश्वरची सहल. आम्ही तीनच प्रश्न विचारले. तुम्ही इथे पहिल्यांदा आलात तो रविवार आठवतो का, आणि तेव्हा तुमच्याशी कोण बोललं? गेल्या वर्षात अशी कोणती वेळ आली की मंडळी हवी होती आणि नव्हती? इथलं काय बंद पडलं तर तुम्हाला चुकल्यासारखं होईल?

ऐकताना उत्तर द्यायचं नाही. हे फार अवघड आहे. "कोणी भेटायलाच आलं नाही" असं कोणी म्हणालं की जिभेवर लगेच येतं, "अहो, पण तुम्ही कळवलं कुठे?" गिळून टाका. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'पाळकीय सेवेचा अभाव' असं लिहू नका. लिहा: 'ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर एकटीच होते.'

आम्हाला काय ऐकायला मिळेल याचा आमचा अंदाज होता, तो बराचसा चुकला.

आम्हाला वाटलं होतं, तरुण पोरं म्हणतील ड्रम आणा, इंग्रजी गाणी आणा. काहींनी म्हटलंही. पण जास्त जणांनी वेगळंच सांगितलं. मुलं घरात अस्खलित मराठी बोलतात, शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची. 'उपासना संगीत' उघडल्यावर अक्षरं लागतात, पण गीताच्या चालीबरोबर वाचता येत नाही. दुसऱ्या ओळीला मुलं मागे पडतात, मग पुस्तक मिटून उभी राहतात. आपण समजतो, त्यांना गीतं आवडत नाहीत.

वयस्कर माणसांकडूनही ऐकायचं असतं, आणि ते फक्त मान राखण्यासाठी नव्हे. एका आजोबांनी सांगितलं, या भिंतीच्या विटा त्यांनी कारखान्यातली पाळी संपल्यावर रात्री स्वतः वाहिल्या. आता रविवारी त्यांच्या नेहमीच्या जागेवर अनोळखी माणूस बसलेला असतो आणि तो सरकतही नाही. "तो सरकावा असं मला वाटत नाही," ते म्हणाले, "पण विटा कोणी वाहिल्या ते त्याला माहीत असावं." वाढणाऱ्या मंडळीत जुन्यांचं काहीतरी जातंच. ते गेलं हे कोणी मोठ्याने कबूल केलं नाही, की मग ते प्रत्येक नव्या गोष्टीला आडवे येतात, आणि आपण त्यांना हेकट म्हणून मोकळे होतो.

आणि कबरस्तान. हा विषय तर आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता. चार वेगवेगळ्या घरांत तो आपणहून निघाला. इथे कोणी वारलं तर पुरायचं कुठे? जागा अपुरी, नियम ठाऊक नाहीत, कोणाकडे जायचं ते ठाऊक नाही. एका कुटुंबाने वडिलांना रातोरात गाडी करून जालन्याकडे नेलं होतं, आणि मंडळीला कळलं तिसऱ्या दिवशी. मंडळी हवी होती आणि नव्हती, ती वेळ ही. ज्याला या शहरात पुरण्याची खात्री नाही तो इथल्या रजिस्टरवर नाव कशाला लावेल?

अशा पंधरा-वीस बैठका होतील. दमायला होतं. दर आठवड्याला दोनच्या वर ठेवू नका.

मग एक दिवस एकत्र बसणं

सगळी वाक्यं वेगवेगळ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत उतरवा. नावं काढून टाका. कुटुंब ओळखू येईल असा तपशील असेल तर त्यांना विचारूनच ठेवा, नाहीतर काढा. मंडळी लहान असते, बोलणारा लगेच ओळखू येतो.

पंचवीस-तीस माणसांना पूर्ण दिवस बोलवा. कमिटी अर्ध्याहून कमी असावी. सकाळी प्रार्थना आणि एकच शास्त्रपाठ, प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. तो निवडण्याचं कारण आहे. तिथेही मंडळी वाढत होती आणि वाढीबरोबर कुरकुर आली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळलं जातंय. प्रेषितांनी 'कुरकुर करू नका' असा उपदेश केला नाही. त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. ती सातही नावं वाचून बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर आणि पुढची. सगळी ग्रीक. ज्या गटाची तक्रार होती, वाटपाचं काम त्याच बाजूच्या नावांकडे गेलं. आमच्या बैठकीत हे कोणीतरी मोठ्याने म्हणालं तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

त्यानंतर कागद भिंतीवर लावा आणि माणसांना उठून वाचू द्या, निदान अर्धा तास, न बोलता. मग एकसारखे कागद एकत्र करायला सांगा. भाषणं नकोत. माणसं कागद हलवत असतात तेव्हा वाद घालत नाहीत, हा माझा अनुभव.

दुपारनंतर मतभेद निघतील. निघायलाच हवेत. कोणाला उपासना तासात संपलेली हवी, कोणाला उपकारस्तुतीला वेळ हवा. कोणी पूर्वी एका मिशनचे, कोणी दुसऱ्या, आणि बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी यावर मतं पक्की. गावाकडची जुनी आडनावांची उतरंडही कधी कधी डोकावते. ती आहे हे मान्य करा आणि बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

सगळ्या बाबतींत एकमत झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं समजू नका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. बिशप मानणारे होते, न मानणारे होते, बाप्तिस्त होते. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यांनी एका बाजूला जिंकवून सोडवला नाही. बालबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती एकाच मंडळीत ठेवल्या. कशावर एक व्हायचं आणि कशावर वेगळं राहून शेजारी बसायचं, हे वेगळं काढणं म्हणजेच निम्मं काम. तुम्हाला चाळीस वर्षं लागणार नाहीत, पण एका दुपारीही होणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बसा.

या बैठकीला पाळकसाहेब जरूर हवेत, आणि त्यांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले तर बाकीचे फक्त "आमेन" म्हणतात.

काय सोडायचं ते आधी

दुसऱ्या बैठकीत आम्ही उलटा क्रम लावला. नवीन काही लिहिण्याआधी, आपण काय थांबवणार? खोलीत एकदम शांतता. मंडळीत सुरू झालेली कुठलीही गोष्ट सहसा बंद होत नाही, फक्त तिला येणारी माणसं कमी होतात. आठवड्याला पाच सभा होत्या आणि पाचही ठिकाणी तीच नऊ माणसं. नव्या कामाला कोणी मिळत नव्हतं, कारण मिळू शकणारी माणसं या सभांच्या खुर्च्यांवर बसलेली होती.

दोन सभा एक केल्या. नाताळच्या मंडपाचा खर्च निम्म्यावर आणला. यावर एक ज्येष्ठ सभासद दोन महिने रागावले होते. सगळ्यात कठीण गेलं ते खुर्च्यांचं: कमिटीतल्या दोघांनी पुढच्या निवडणुकीला उभं न राहायचं कबूल केलं, आणि गावचं पत्र नसलेल्यांना ते आणायला मदत करण्यासाठी घरोघरी माणूस गेला. जी मंडळी काहीच सोडायला तयार नाही तिने पुढचं वाक्य लिहायचा खटाटोप करू नये. फ्लेक्सचे पैसे वाचतील.

आता वाक्य

हे काम दोघांना द्या, आठ जणांना नको. समितीने लिहिलेल्या वाक्यात प्रत्येकाचा एक शब्द असतो आणि अर्थ कोणाचाच नसतो. आमचं पहिलं, फसलेलं वाक्य साधारण असं होतं: 'ख्रिस्ताच्या प्रीतीने परिपूर्ण, आत्म्याने सामर्थ्यवान व समाजास आशीर्वादित करणारी मंडळी.' यात चूक काहीच नाही. पण हे मुंबईत लावा, मिरजेत लावा, कुठेही चालेल. आणि वर्षाने 'झालं का?' असं विचारलं तर काय सांगणार?

दुसऱ्या खेपेचं असं होतं: 'येत्या तीन वर्षांत आपल्या मंडळीत येणाऱ्या प्रत्येक नव्या घराला महिन्याभरात एक ओळखीचं घर, तीन महिन्यांत एक गट आणि वर्षभरात एक जबाबदारी मिळावी, आणि दुःखाच्या दिवशी आपल्यातलं कोणीही एकटं नसावं.' जरा लांब आहे, ऐकायला भारदस्त नाही. पण नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी बाकावर एकट्या बसलेल्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे माझंच आहे की."

मसुदा तयार झाला की उपासनेनंतर वाचा, घरी न्यायला द्या, दोन रविवार सुधारणा घ्या, आणि मग सर्वसाधारण सभेत मंजूर करा. हबक्कूक संदेष्ट्याला देवाने सांगितलं होतं, पाट्यांवर स्पष्ट लिही, म्हणजे वाचणाऱ्याला धावता धावता वाचता येईल. संडे स्कूलच्या दहा वर्षांच्या पोराला दाखवा. त्याला कळलं नाही तर परत लिहा.

पैसा, कॅलेंडर आणि कायदा

वाक्य मंजूर झाल्याच्या पुढच्याच महिन्यात अंदाजपत्रक बदललं पाहिजे. वेगळा निधी उभारायची वाट बघू नका, आहे त्यातलंच इकडचं तिकडे करा. आम्ही चार गोष्टींना पैसा आणि माणूस नेमून दिला: परिसरानुसार घरगट, दुःखाच्या वेळी धावून जाणाऱ्या सहा जणांची तुकडी आणि तिचा एक फोन, कबरस्तानाबद्दलची सगळी माहिती एका पानावर, आणि गीतांचे शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर. गीतांसाठी शनिवारी संध्याकाळी एक आजी मुलांना जुन्या चाली शिकवायला लागल्या. ते आमच्या योजनेत नव्हतंच.

इमारतीचा प्रश्न येईलच. वाढत्या मंडळीत 'दिशा' म्हणताच माणसांच्या डोळ्यांसमोर स्लॅब येतो. माझं मत स्पष्ट आहे: बांधकामाचा निर्णय दिशेनंतर वर्षभराने घ्या. सकाळी दोन उपासना घेऊन बघा, घरगटांनी किती भार हलका होतो ते बघा. भिंत उभी राहिली की पुढची दहा वर्षं सगळं दान तिच्यात जातं आणि मग बाकीच्या गोष्टी कागदावरच राहतात.

तरीही जमिनीला हात लावायचा असेल तर थोडं कायद्याचं. जुन्या मिशनच्या जागा बऱ्याचदा स्थानिक मंडळीच्या नावावर नसून वरच्या ट्रस्टच्या नावावर असतात, तेव्हा आधी कागद बघा. मंडळीचा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. स्थावर मालमत्ता विकायची किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली, आणि गहाण टाकून कर्ज काढायचं तर कलम ३६अ खाली, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परदेशातला कोणी नातेवाईक मंडळ उभं करून पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. वकील आणि सीए यांची फी यात टाळू नका.

पाळक बदलतात तेव्हा

आपल्या बहुतेक मंडळ्यांत पाळकांची काही वर्षांनी बदली होते. नवे पाळक येतात, मनात त्यांचं स्वतःचं काहीतरी असतं, आणि जुना फ्लेक्स उतरतो. त्यांचा दोष नाही. दिशा एकाच माणसाच्या तोंडी असेल तर ती त्याच्या सामानाबरोबर टेम्पोत जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण मी नेहमी देतो. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येशूच्या भक्तीत एकत्र बसता यावं, अशी त्यांची कल्पना होती. काळाच्या किती पुढे! पण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ तग धरू शकला नाही. त्यांची भजनं मात्र आजही गावोगावच्या मराठी मंडळ्यांत टाळ-तबल्यावर म्हटली जातात, कारण ती लोकांच्या तोंडी बसली होती. दरबार टिळकांच्या खांद्यावर होता.

म्हणून तीन छोट्या सवयी लावून घ्या. दर तीन महिन्यांनी कमिटीच्या बैठकीचा पहिला अर्धा तास फक्त या वाक्यासाठी ठेवा: नवी घरं किती आली, किती जणांना गट मिळाला, कोण सुटलं. नावानिशी. दुसरी, हा अहवाल पाळकांनी नव्हे तर दर वेळी वेगळ्या सभासदाने मंडळीसमोर वाचावा, अडखळत का होईना. तिसरी, नवे पाळक आले की पहिल्या महिन्यात त्यांना योजना समजावत बसू नका. त्या ऐकण्याच्या वह्या द्या आणि चार घरी घेऊन जा.

आमचा पहिला तिमाही अहवाल वाचायला जी मुलगी उभी राहिली ती वर्षभरापूर्वी परभणीहून आलेली. अकरा नवी घरं, त्यांतल्या सातांना गट मिळाला, चार सुटली. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "ती चार घरं कुठल्या बाजूची?" ती म्हणाली, मोशीची. विटा वाहिलेले आजोबा उठले आणि म्हणाले, मोशीला माझा मुलगा राहतो, पत्ते द्या.